पंप हवा

कोय्हाइकेत, आमच्या दुकानाचं दार उघडलं
की आधी वारा आत येतो, मग गिऱ्हाईक.
नोल्बर्ता ओयार्सून वाऱ्याच्या बरोबरीनं आली.
वय एकसष्ट. उजव्या खांद्यात दोन स्क्रू.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली.
म्हणाली, पंप हवा. विजेवरचा, खिशात मावणारा.
आणि मला समजावत बसू नकोस,
समोर ठेव.

मी तीन ठेवले.
एक काड्यापेटीएवढा,
एक साबणाच्या वडीएवढा,
एक काळा, जाडजूड, वर टॉर्च असलेला,
चौकीदार व्हायला निघालेला.

तिनं पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.
खरंच. पीठ होतं त्याच्या कडेला.
एकेक पंप तोलला.
खोक्यावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा
यांच्यात बारा ग्रॅमचं खोटं निघालं.
मी म्हणालो, त्यांनी नळी धरलेली नाही.
मग काय, नळी घरी ठेवून हवा भरायची?

म्हातारा अबेलार्दो कोपऱ्यात माते ओढत होता.
मालक आहे, पण विकायला उठत नाही.
तिथूनच म्हणाला, चार्ज संपला की तो नुसता दगड.
हाताचा पंप तुझ्याबरोबर दमतो, पण संपत नाही.
माझा खांदा संपलाय, ती म्हणाली.
म्हातारा पुन्हा नळीला लागला.

हिशेब असा होता:
सेर्रो कास्तिय्यो सोडलं की डांबर संपतं,
पुढे चारशेहून जास्त किलोमीटर खडी,
शेवटी एक तराफा, आणि त्यानंतरही खडी.
लहानगा एका चार्जमध्ये दीड टायर भरतो.
(अर्ध्या टायरवर पोचलंय का कुणी कुठे?)
मधला चार, थंडीत तीन.
चौकीदार आठ, पण त्याला घेऊन घाट कोण चढणार.
परतीला विमान, म्हणजे बॅटरी डिकीतल्या सामानात चालत नाही,
हातातल्या पिशवीत लागते.
हातातली पिशवी भरलीय, ती म्हणाली,
काय भरलंय ते सांगितलं नाही.

चालवून दाखव.
मी यांकोची सायकल उलटी केली,
मधल्या पंपाची नळी व्हॉल्व्हला लावली, तीसवर आकडा ठेवला.
काय तो आवाज! कोंडलेल्या गांधीलमाशीचा,
मांजर फळीवरून थेट पोटमाळ्यावर.
नोल्बर्ता वाकून आकडे बघत राहिली,
बावीस, सव्वीस, एकोणतीस,
आणि गप्प.

एवढीच हवा?
खडीवर एवढीच हवी, जास्त भरली तर हाडं मोजून घ्या.
ते नाही विचारत. तो आपणहून थांबला?
हो.
कुणी न सांगता?
तुम्हीच सांगितलंत ना, आधी.

तिनं टायरमधली हवा फुस्स करून सोडली.
पुन्हा लाव, म्हणाली.
पुन्हा आवाज, पुन्हा तीस, पुन्हा गप्प.
एकतीस वर्षं मी प्रत्येक थांब्यावर थांबले, ती म्हणाली,
मुलं उतरेपर्यंत. इंजिन चालूच असायचं.
मग टायरवर अंगठा दाबून बघितला.
यंत्रावर विश्वास बसला तरी
अंगठ्याला विचारायची सवय जात नाही.

पंपाला हात लावला. तापलाय हा.
दोन टायरांनंतर जरा बसू द्यायचं त्याला.
बसूया, ती म्हणाली, आणि मधला बाजूला काढला.

पैसे देताना भिंतीकडे बोट केलं,
तोही दे, हाताचा, सगळ्यात स्वस्तातला.
अबेलार्दोनं मान वर केली, विजयी.
तुझ्यासाठी नाही रे, आणि माझ्यासाठीही नाही.
चौथ्या टायरला वाटेत कुणीतरी भेटेल,
दोन्ही खांदे शाबूत असलेलं.
त्याच्या हातात द्यायला नको काही?

गेली. वारा मागे राहिला,
आणि वजनकाटा.
तीन आठवडे झाले, तो काउंटरवरच आहे.
म्हातारा आता उठतो,
आलेला प्रत्येक माल त्यावर ठेवतो
आणि कंपन्यांना नावं घेऊन शिव्या देतो.
पीठ मात्र पुसू देत नाही.